आबांची लाँच

घरखर्चातून चार पैसे बाजूला कसे टाकावेत, यावर आपण सगळ्याजणी पुष्कळ वाचतो. बाजूला टाकलेले पैसे उधळावेत कसे, यावर मात्र कुणी लिहीत नाही. तेव्हा म्हटलं, तो मान आपणच घ्यावा. मी ३२,००० रुपये एका लाकडी लाँचवर खर्च केले. लाँच सव्वातीन फूट लांबीची. बॅटरीवर चालते, रिमोटवर वळते. नातवंडासाठी नव्हे हो, माझ्या ८१ वर्षांच्या वडिलांसाठी!

पैसे माझेच होते. चिंचवडला आमच्या सोसायटीत गेली बारा वर्षे मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. चकलीचा सोऱ्या फिरवून फिरवून उजवा खांदा कामातून गेला आहे. त्या खांद्याची ती कमाई. त्यातून पाटल्या कराव्यात असे माझ्या मनात होते आणि नवे वॉशिंग मशीन घ्यावे असे 'ह्यां'च्या मनात. दोन्ही राहिले.

आबा म्हणजे माझे वडील. रेवसजवळच्या गावचे. भाऊचा धक्का ते रेवस या वाटेवर त्यांनी ३६ वर्षे लाँचवर काढली. आधी खलाशी म्हणून, मग सारंग म्हणून. ज्यांनी हा प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगते, भाऊचा धक्का मुंबईत माझगावला आणि रेवस अलिबाग तालुक्यात. मध्ये समुद्र. रस्त्याने जायचे तर शंभरएक किलोमीटरचा वळसा, लाँचने दीडएक तास. आमचे लग्न १९८९ साली झाले तेव्हा मुंबईकडची निम्मी वऱ्हाडी मंडळी याच लाँचने आली होती आणि निम्म्यांना ती लागली होती. सासूबाई अजून ऐकवतात.

२०२२ साली आई गेली आणि आबा आमच्याकडे आले. धाकटा भाऊ सुरतेला, दोन खोल्यांत. तिथे सोय नव्हती. पण लेकीच्या घरी राहायचे म्हणजे त्या पिढीच्या माणसाला ओशाळे वाटते. जेवताना 'पुरे' आणि झोपताना 'दिवा घालव', यापलीकडे दिवसभर शब्द नसे. सासूबाईंनी एकदा मला स्वयंपाकघरात घेऊन हळूच विचारले, "व्याह्यांना आपलं काही लागलंय का गं?" जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूचे उद्घाटन टीव्हीवर दाखवत होते. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल. सगळे कौतुकाने बघत होते. आबा शेवटपर्यंत बसून राहिले आणि एवढेच म्हणाले, "खालनं लाँच जाते ना?"

त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून हलकेसे वारे गेले. पाय सावरले, पण उजवा हात थरथरू लागला. मग तर बोलणे आणखीच आटले.

लाँचची कल्पना माझी नव्हे, शेजारच्या चिंटूची. त्याला वाढदिवसाला रिमोटची प्लॅस्टिकची बोट मिळाली होती. गच्चीवर हवा भरायच्या टबात तो ती सुंईसुंई पळवत होता. मी पापड वाळत घालायला गेले होते आणि आबा उन्हाला बसले होते. बराच वेळ बघून ते चिंटूला म्हणाले, "अरे, बोट अशी पळते व्हय? ही पाणी कापतच नाय, वरनं घसरते." आणि मग पाणी कसे कापतात, नाळ कशी असावी, भरलेली लाँच आणि रिकामी लाँच यांच्या चालीत काय फरक, हे त्यांनी त्या आठ वर्षांच्या पोराला चांगली दहा मिनिटे सांगितले. दहा मिनिटे! माझे पापड तसेच ताटात राहिले.

रात्री मी ह्यांच्याकडे विषय काढला. आबांची लाँच, अगदी हुबेहूब, पाण्यात चालणारी, करून घ्यायची. हे रागावले नाहीत. पण म्हणाले, "तूच सांगत असतेस ना, बारावीनंतर आबांनी तुला डी.एड.ला पाठवलं नाही म्हणून? तेव्हा त्यांना पैसे सुचले नाहीत, आणि आता तू त्यांच्यासाठी तीस हजार घालणार?"

खरेच होते ते. १९८६ साली माझा अर्ज भरून तयार होता. आबांनी 'यंदा नाय' म्हटले. का, ते सांगितले नाही. पुढच्या वर्षी घरात माझ्यासाठी स्थळे बघायला सुरुवात झाली. माझ्या बरोबरीच्या दोघी शिक्षिका होऊन निवृत्तही झाल्या. ही गोष्ट मी भांडणात कधी काढली नाही, पण विसरलेही नव्हते. त्या रात्री मी ह्यांना उत्तर दिले नाही. भिशीच्या डब्यातले पैसे मात्र मोजून ठेवले.

आता करणार कोण? तयार मॉडेले मिळतात ती परदेशी बोटींची. पण मैत्रिणींनो, आपल्या पिंपरी-चिंचवडसारख्या गावात एक मोठी सोय आहे. इथे काय हवे ते घडवून देणारा हात कुठल्या तरी गल्लीत सापडतोच. ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने भोसरीतले एक निवृत्त पॅटर्नमेकर सुचवले. ओतकामासाठी वाळूत साचा उठवायचा, तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. ती करणारा तो पॅटर्नमेकर. आता पुष्कळ ठिकाणी ते काम संगणकावर चालणारी यंत्रे करतात. त्यामुळे काकांच्या शेडमध्ये उत्तम रंधे, पटाशा होत्या आणि काम बेताचे होते.

काका पहिल्याच भेटीत म्हणाले, "ड्रॉइंग आणा. ड्रॉइंगशिवाय मी सूतभर लाकूड कापत नाही."

ड्रॉइंग कुठले आणू? माझ्याकडे लग्नातला एक फोटो, त्यात लाँच कमी आणि मावशीचा शालू जास्त. शेवटी आबांना एकदम चकित करायचे म्हणून मी मोबाइलवरून गेटवेजवळच्या एका छानशा लाँचचे फोटो काढून दिले. पांढरी स्वच्छ, वर माडी, निळा पट्टा. काकांनी तीन आठवड्यांत सांगाडा उभा केला आणि माडीसुद्धा चढवली. मी अभिमानाने आबांना शेडमध्ये घेऊन गेले.

आबांनी लाँचभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "चांगली आहे. घारापुरीची दिसते."

"आबा, तुमची आहे!"

"माझी नाय ही. माझ्या लाँचीला माडी कुठं होती?"

माझा चेहरा पडला. काकांचा मात्र उजळला. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "बसा. आता खरं ड्रॉइंग मिळालं."

तिथून पुढे दर गुरुवारी आमची वारी सुरू झाली. गुरुवार म्हणजे आपल्याकडची कारखान्यांची सुट्टी. हे निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी गुरुवारीच निवांत असतात. हे गाडी काढत, मी थर्मास आणि डबा घेई. आबा दहा वाजल्यापासून टोपी घालून दाराशी बसलेले असत.

माप काढायची काकांची तऱ्हा मी जन्मात विसरणार नाही. आबांना फूट-इंच आठवत नव्हते, पण अंगाला सगळे ठाऊक होते. "सुकाणूच्या खोलीची खिडकी इथवर," म्हणून ते छातीला हात लावत. "टप असा, की दारातनं मान वाकवायला लागायची." काकांनी त्यांना भिंतीशी उभे केले आणि पट्टी लावली. छातीपर्यंत चार फूट एक इंच. मग काका थांबले आणि म्हणाले, "बीड ओतलं की थंड होताना फुटामागे एक सूत आकसतं. म्हणून आम्ही पॅटर्न तेवढा मोठा करतो. माणूसही म्हातारपणी आकसतो. आबांना एक इंच वाढवून धरू." असे चार फूट दोन इंच झाले. त्याला सोळाने भागले. तीन इंच एक सूत. खिडकीची चौकट तेवढ्यावर बसली. लाँच ५२ फुटी होती, म्हणून मॉडेल सव्वातीन फूट. आबा स्टुलावर बसले ती उंची, दोर ओढायला हात वर गेला ती उंची, पायाने टेकण द्यायचे ती जागा, सगळे भिंतीवर पेन्सिलने लिहिले गेले. माझ्या वडिलांचे ड्रॉइंग भोसरीतल्या त्या भिंतीवर अजून आहे.

माडी उतरली. त्याचे चार हजार वाढीव मोजावे लागले. तळाशी सागवानाचा कणा, त्यावर वॉटरप्रूफ प्लायचे वाक आणि बाहेरून शिवणीच्या पातळ पट्ट्या. खऱ्या लाँचीत फळ्यांच्या फटींत तेलाने माखलेला कापूस ठोकून भरतात. इथे काकांनी इपॉक्सी भरले. आबांना ते पसंत नव्हते, पण बोलले नाहीत. पाण्याखालचा भाग तांबडा, वर हिरवा. हिरवाही कुठला? चार डबे फोडून झाल्यावर आबा पाचव्याला 'हा' म्हणाले. सासूबाईंनी जुन्या छत्रीचे काळे कापड फाडून बाजूचे ताडपत्रीचे पडदे शिवून दिले, नेटक्या टाक्यांचे, गुंडाळून बांधायला नाड्यांसकट. "मला लागली होती ती हीच ना?" असे विचारून घेतले आधी.

मला लाँच सुंदर हवी होती आणि आबांना खरी. यावरून आमचे चांगलेच खटके उडाले. धुराड्याच्या मागे काजळी हवी. कठड्याला टायर हवेत, तेही झिजलेले. (ते सायकलच्या ट्यूबचे केले.) आणि नाळेवर डाव्या बाजूला एक पत्र्याचे ठिगळ हवे. ठिगळावर मी अडून बसले. नव्या लाँचीला ठिगळ कशाला? अपशकुन नुसता!

एका गुरुवारी मी मागे स्टोव्हपाशी चहा गाळत होते. पुढे काका आबांना विचारत होते, ठिगळ कशाने पडले. आबा म्हणाले, "धुकं होतं. माघ महिना. भरतीची वेळ चुकू नये म्हणून घाई केली आन् धक्क्यावर आपटली. माणसाला काय झालं नाय. पण मालकानं दुरुस्तीचे पैसे माझ्या पगारातनं वर्षभर कापले. त्याच साली पोरीचं कालिज होतं. फीला ठेवलेले घरात खाल्ले."

काकांनी विचारले, "घरात सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करायचं? सारंगानं लाँच ठोकली, हे पोरीला काय सांगायचं?"

एकोणचाळीस वर्षे. चहा गाळणीतून बाहेर गेला तो कळलाच नाही. मी कप भरले, नेऊन दिले, साखर कुणाला किती विचारली. आबांशी त्यावर मी काही बोलले नाही, अजूनही बोललेले नाही. घरी आल्यावर गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा एक तुकडा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि पुढच्या गुरुवारी काकांच्या हातात दिला. "ठिगळाला हा पत्रा चालेल का बघा."

आता यंत्राचे. काकांचा भाचा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. विजेचे काम त्याने केले. त्याला आधी वेगवान मोटर घालायची होती. आबा म्हणाले, "मोटरसायकल नाय ही." मग त्याने हिशेब समजावला, तो मला फार आवडला. लांबी सोळाने भागली, तरी वेग सोळाने भागायचा नाही, चारने भागायचा; सोळाचे वर्गमूळ चार. खरी लाँच तासाला आठ सागरी मैल जाई, तर मॉडेलने दोनच जायचे, म्हणजे चालत्या माणसाएवढे. तेव्हाच ते पाण्यात खरे दिसते, नाहीतर चिंटूची बोट होते. म्हणून हळू फिरणारी साधी मोटर घातली. बॅटरीही हलकी लिथियमची न घेता सहा व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिडची घेतली. वजन हवेच होते. घरी लिथियमची असेल तर रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, असे त्याने मला बजावले. पंख्याच्या दांड्याची नळी ग्रीसने भरली, म्हणजे तिथून पाणी आत येत नाही. रिमोटचे ऐकणारी तार पाण्याच्या वर हवी, म्हणून टपाखाली दडवली.

वजनाची गंमत मात्र आमच्याच गच्चीवर झाली. लांबी सोळावा हिस्सा, पण वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४,०९६वा हिस्सा! आबांच्या अंदाजाने लाँच चाळीस टनांची होती, म्हणजे मॉडेल पावणेदहा किलोचे हवे. भरले सव्वाचार. चिंटूच्या टबात ठेवले तर बदकासारखे वर. मी खाली गेले आणि वाण्याकडून आलेली अर्ध्या किलोची पाकिटे घेऊन आले. तूरडाळ, साखर, पोहे. एकेक आत ठेवत गेलो. आधी मी ती कठड्याच्या आत वरच रचली, तर लाँच बाजूला कलंडली. आबा खुर्चीतून ओरडले, "वर नाय, तळाला! वर जड झाली की गेली!"

त्यांच्या ओरडण्याला कारण आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आबा तेव्हा तीन वर्षांचे होते. बोट कलली तशी माणसे एका बाजूला धावली, असे सांगत. आमच्याकडची पोरे ही गोष्ट ऐकतच वाढली. पाकिटे तळाला गेली, अकरावे ठेवले आणि तांबड्या रंगाची कड पाण्याला बरोबर टेकली. साडेपाच किलो. नंतर काकांनी तेवढेच शिसे ओतून तळाशी बसवले. सासूबाईंनी डाळ-साखर परत मोजून घेतली.

नारळी पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी आम्ही चाकणच्या पुढे, खेडच्या बाजूला, ह्यांच्या मित्राच्या शेततळ्यावर गेलो. नदीवर नेली नाही, कारण जलपर्णी पंख्यात गुंतते. शेततळे पावसाने काठोकाठ भरलेले. पण सांगून ठेवते, शेततळ्याचे प्लॅस्टिक शेवाळाने भारी निसरडे असते. आत गेलेला माणूस सहज वर येत नाही. आम्ही मुलांना कुंपणाबाहेरच ठेवले आणि लाँच दोरीने आत सोडली.

आबांनी काठावर नारळ ठेवून हात जोडले. भाच्याने काडी पुढे केली, तर लाँच मागे आली. तारा उलट्या लागल्या होत्या. मोटरच्या त्या बदलल्या, मग नीट निघाली. डुलत, सावकाश, पाठीमागे दोन रेघा ओढत. हे माझ्या शेजारी उभे होते. "अगं, खरीच वाटते," म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. तेवढ्यात तळ्याच्या मधोमध ती थांबली, ती थांबलीच. रिमोट दाबून उपयोग होईना. भाचा घाबरला, दोर टाकू, ट्यूब आणू म्हणू लागला.

"बसा सगळे," आबा म्हणाले. "वारा आणील."

वाऱ्याने आणायला पाऊण तास लावला. तेवढ्या वेळात आम्ही नारळीभात खाल्ला, आणि आबांनी एकदा खांदेरीच्या बाजूला इंजीन बंद पडून रात्र कशी काढली ते सांगितले, सासूबाईंना, थेट, 'विहीणबाई' म्हणून. लाँच काठाला लागली. आत बॅटरीची एक तार निसटली होती. भाच्याने ती जोडली आणि रिमोट आबांच्या हाती दिला.

उजवा हात थरथरत होता. काडी जरा हलली की लाँच झोकांड्या खाई. दोनदा बघून आबांनी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"तू इंजिनवर बस," म्हणाले.

जुन्या लाँचीवर सारंगाच्या हाती इंजीन नसे. तो वर सुकाणू धरी, आणि दोर ओढून खाली इंजीनवाल्याला घंटा देई. आबांच्या लाँचीवर एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. आबांनी डाव्या हातात चमचा घेतला आणि स्टीलचा पेला पुढ्यात ओढला. टण. मी काडी पुढे केली. लाँच निघाली. डावी-उजवी ते नुसत्या मानेने सांगत होते. तळ्याला एक मोठी फेरी झाली आणि ती काठाकडे येऊ लागली. टण टण. मी काडी मधे आणली. लाँच येतच होती. टण टण टण. मी गडबडले, काडी मागे ओढायला क्षणभर उशीर झाला, आणि नाळ काठाच्या प्लॅस्टिकला घासली, बरोबर ठिगळाच्या बाजूने.

"ठोका पडला की लगेच," आबा म्हणाले. "इंजीनवाल्यानं विचार नाय करायचा."

आणि पेल्यावर पुन्हा एक ठोका पडला.